मागे पडलेली डिस्क

रात्री तीनला नारिनची वीज गेली
आणि जनरेटरने खोकून खोकून श्वास धरेपर्यंत
चौघींतली एक डिस्क गळली.
स्क्रीनवर तीन यू, मध्ये एक आडवी रेघ.
ॲरे मात्र चालू होता,
डोंगराखालून येणारी प्रत्येक थरथर
तीनच खांद्यांवर उतरवून घेत.

बेक्तुर हीटरपाशी बाकावर झोपला होता, बूट घालूनच.
परवाच आला येकातेरिनबुर्गहून, सहा वर्षांनी.
घरात झोप लागत नाही म्हणाला,
म्हणून माझ्या रात्रपाळीला सोबत.

मी केबल दाबून बसवली. डिस्क जागी झाली.
तिच्या कपाळावर सगळं शाबूत:
कोणत्या ॲरेची, भावंडं कोण, आपला नंबर कितवा.
फक्त घटनांचा आकडा जुना.
बाकीच्यांचा अठ्ठेचाळीस हजार दोनशे तेरा,
हिचा दोनशेवर अडकलेला.
तेरा घटना. तेवढ्यात परकी.
सिस्टिम तिला आत घेईना,
आणि सिस्टिमचं काही चुकत नव्हतं.

कुठे कुठे बदललं याचं टिपण असतं
तर तेवढंच लिहून भागलं असतं.
सागिनबेक आगाईंनी ॲरे बांधला तेव्हा
ते ठेवायचं कुणाला सुचलं नाही.
म्हणजे आता पहिल्या सेक्टरपासून.
मी आज्ञा टाइप केली, दोनदा वाचली,
एक अक्षर चुकलं तर चार वर्षांचे भूकंप पुसले जातात.
मग एंटर.
दोन टक्के. संपायला सहा तास.
तेवढ्यात दुसरी गेली तर सगळंच गेलं,
आणि चौघी एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच वयाच्या.

बेक्तुर उठला, चहा मागितला.
मी सवयीने दूध घातलं, चिमूटभर मीठ.
तो म्हणाला, मी आता कोराच पितो. साखर आहे?

सहा वर्षं आमच्या घरात
आई त्याच्या वाटणीचं बोलायची.
बेक्तुर असता तर म्हणाला असता, रस्सा खारट झालाय.
बेक्तुर असता तर घोडी विकू दिली नसती.
उरलेल्या तिघांतून चौथ्याचं उत्तर निघतं,
हिशोब तसा सोपा आहे,
आणि आम्ही ते उत्तर ताटात वाढून घ्यायचो,
हसायचोसुद्धा त्यावर.
कोरा चहा त्यात कुठेच नव्हता.

"घोडी विकली?" त्याने विचारलं.

मग मी सुरुवातीपासून सांगायला लागले.
फोनवर सांगितलेलं धरायचं नाही, असं ठरलं.
कोणत्या हिवाळ्यात कुंपण पडलं,
बुरुल एजे कधी गेली, तिच्या दाराला आता कुणाचं कुलूप,
वडिलांचा डावा कान गेलाय, उजवीकडे बसायचं.
तो मध्येच म्हणायचा, हे माहीत आहे.
तरी मी लिहीत गेले.

एकाहत्तर टक्क्यांवर जमीन हलली.
कपातल्या चहावर एक वर्तुळ.
स्क्रीनवर रेघ उठली, उतरली,
आत-बाशीच्या बाजूने.
तेही लिहिलं गेलं. दुरुस्ती थांबली नाही,
फक्त जरा मंदावली.
"केवढा?"
"तीन पूर्णांक एक."
"मला दोनचा वाटला," बेक्तुर म्हणाला.
आईने त्याच्या वतीने पाच सांगितला असता.

उजाडून गेल्यावर चार यू.
एक काम उरलं, आगाईही तेच विसरले होते:
ॲरेचं नाव कॉन्फिग फाइलमध्ये नोंदवणं.
नाहीतर पुढच्या खेपेला मशीन सुरू झालं
की तो एकशे सत्तावीस नंबर लावून उठतो,
पोटात सगळं असूनही अनोळखी,
जुन्या नावाने हाक मारली तर ओ देत नाही.
मी ती ओळ लिहिली, सेव्ह केली.

बाहेर बेक्तुर फावड्याने
गाडीच्या चाकांपुढचा बर्फ काढत होता.
दारातून मी हाक मारली, घरातल्या नावाने.
दुसऱ्या हाकेला वळला.